भुंकणं मोडणारा

मास्तरांना कुत्र्यांची फारशी आवड नव्हती. लोकांना हे खरं वाटत नसे, कारण त्यांचं अख्खं आयुष्य कुत्र्यांत गेलं होतं. शहराच्या कडेला गोदामांच्या रांगेमागे त्यांचं घर होतं. मागच्या अंगणात तारेच्या जाळीचे पिंजरे होते, वर पत्रा, खाली फरशी, आणि ती फरशी मास्तर स्वतः सकाळ-संध्याकाळ धूत. कुत्र्याला ते नीट खायला घालत, वेळेवर फिरवत, पण विनाकारण त्याच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांना कोणी कधी पाहिलं नाही. विनाकारण दिलेलं वाया जातं, असं ते म्हणत.

लोक कुत्रं घेऊन येत ते बहुतेक एकाच तक्रारीसाठी: फार भुंकतं. कोणाचा शेजारी पोलिसांत जायच्या गोष्टी करत असे, कोणाचं तान्हं झोपत नसे. मास्तर भुंकणं मोडून देत. त्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्याकडून परत गेलेलं कुत्रं असं गप्प असे की मालक दोन दिवस घाबरून त्याच्या नाकापुढे हात धरून बघत.

एकदा बंगल्यातली एक बाई आपला धिप्पाड कुत्रा घेऊन आली. मागे नवरा, हातात पिशव्या. कुत्रा फाटकापासूनच सुरू झाला होता.

"हा भुंकला की तुम्ही काय करता?" मास्तरांनी विचारलं.

"गप्प बस म्हणते."

"लांबून?"

"लांबून ऐकतोय का तो. जवळ जाऊन सांगावं लागतं."

"म्हणजे तो भुंकतो आणि तुम्ही जाता. मालक घंटी वाजवतो आणि नोकर येतो, तसंच हे. बाई, तुम्ही त्याला काही शिकवलेलं नाही, त्याने तुम्हाला शिकवलंय."

मागे नवरा हसला आणि बायकोने वळून बघितल्यावर पिशव्या या हातातून त्या हातात घेऊ लागला.

"भुंकतोय तोवर जायचं नाही," मास्तर सांगू लागले. "बघायचं नाही. रागवायचंसुद्धा नाही, राग हाही त्याला पाहुणचारच वाटतो. गप्प झाला की जायचं. तेही लगेच नाही. दम खायला थांबलाय की खरंच थांबलाय, ते बघायचं, आणि मग जायचं. आणि एक आधीच सांगून ठेवतो. सवय सुटत आली की एक दिवस असा येतो, की तो घर डोक्यावर घेतो. तुम्हाला वाटेल, याला काहीतरी झालंय. काही झालेलं नसतं. सवय मरताना एकदा जोर करते. त्या दिवशी गेलात, तर केलंसवरलं सगळं पाण्यात. तो दिवस काढायचा."

"आणि एखादा फटका दिला तर?" नवऱ्याने विचारलं.

फटक्याचं नाव काढलं की मास्तर खुलत. त्यांनी हे काम ज्या उस्तादाकडे शिकायला सुरुवात केली, तो चामड्याचा पट्टा वापरी. पट्टा दिसला की उस्तादाचं कुत्रं उभ्या जागी मुतत असे, आणि उस्तादाला त्याचा अभिमान होता. एक दिवस पट्टा खुंटीला राहिला, आणि त्या कुत्र्याने उस्तादाच्या मांडीचा लचका तोडला. पुढे मास्तर एका शिबिराला गेले. तिथल्या बाईंनी फळ्यावर दोन रेघा मारून चार चौकोन काढले, आणि मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"लोकांना वाटतं, बक्षीस म्हणजे देणं आणि शिक्षा म्हणजे मारणं," ते त्या नवऱ्याला म्हणाले. "तसं नसतं. तुम्ही काही घालता किंवा काही काढून घेता, आणि त्याने समोरच्याची सवय वाढते किंवा घटते. एवढाच हिशोब. बसल्यावर बिस्किट दिलं, बसणं वाढलं. हे घालून वाढवलं. गळ्यातला पट्टा ताणून धरला आणि बसल्याबरोबर सैल सोडला, तरी बसणं वाढतं. तेही बक्षीसच, फक्त काढून दिलेलं. फटका मारला, ही घातलेली शिक्षा. आणि त्याला तुम्ही हवे असताना तुम्ही पाठ फिरवून निघून गेलात, ही काढून घेतलेली शिक्षा. हा चौथा चौकोन सगळ्यांत स्वच्छ. हात लावावा लागत नाही."

'स्वच्छ' हा मास्तरांचा आवडता शब्द होता.

जाता जाता ते प्रत्येकाला आणखी एक बजावत. भुंकणं मोडा, गुरगुरणं मोडू नका. गुरगुर म्हणजे त्याने दिलेली आगाऊ सूचना असते. ती मोडलीत तर तो गुरगुरायचा थांबेल, चावायचा नाही. मग तो न सांगता चावेल.

बाहेरच्या लोकांना इतकं बजावून सांगितलेला हा नियम मास्तरांनी घरात पाळला नाही. तो घरातही लागू पडतो, हेच त्यांच्या मनात आलं नाही.

लग्न होऊन आली तेव्हा त्यांची बायको बोलकी होती. भांडी घासता घासता ती बोले: पत्रा गळतो, तुमच्या सदऱ्याला कुत्र्याचा वास येतो, आईकडे जाऊन किती दिवस झाले. तक्रार सुरू झाली की मास्तर उठत आणि वाक्य अर्धं असतानाच अंगणात निघून जात. चेहऱ्यावर राग नसे. आतला आवाज थांबला की थोडा वेळ जाऊ देत आणि परत येत. ज्या दिवशी तक्रार झाली नसेल, त्या संध्याकाळी तिला पुलावर फिरायला नेत. पाण्यात पडलेले दिवे बघायला तिला फार आवडायचं. तक्रार झाली असेल तर पूल नाही. का नाही, ते सांगत नसत. जनावर स्वतः शोधून काढतं तेव्हाच पक्कं बसतं, असा त्यांचा अनुभव होता.

तिला बोलवायची त्यांची शिट्टी होती, कानात घुसणारी, दोन सुरांची. ती समोर येऊन उभी राहीपर्यंत शिट्टी थांबत नसे. आली की थांबे. मास्तर अंगणात काम करत असताना शिट्टीशिवाय कोणी तिकडे यायचं नाही, हाही नियम होता. कुत्र्याचं लक्ष मोडतं. नवी असताना ती एक-दोनदा चहा घेऊन तशीच गेली होती. मास्तरांनी तो चहा तिच्यादेखत फरशीवर ओतला आणि काम पुढे चालू केलं.

समोर एक शिंपी राहायचा. मास्तरांची थट्टा करण्याची हिंमत त्या वस्तीत त्याच्या एकट्याकडे होती. मशीनवरून मान वर न करता तो ओरडे, "मास्तर, वहिनींना बोलावताय की मालगाडी सोडताय?"

"येतात की नाही बघ."

"येतात हो. आता तर मीसुद्धा उठून उभा राहतो."

दोन-तीन वर्षांत घर गप्प झालं. "आमच्यात भांडण म्हणून नाही," मास्तर सांगत, आणि ते खरं होतं. त्यांनी तिच्यावर कधी हात उचलला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. वस्तीतल्या बायका तिला म्हणत, नशीबवान आहेस.

मुलगी झाली ती मात्र बापाच्या नाकावर टिच्चून वाढली. ताट स्वच्छ केलं म्हणून मास्तर "शाब्बास" म्हणाले, तर ही जीभ बाहेर काढून म्हणे, "भो." एकदा आई तोंडावर हात ठेवून हसली. मास्तर ताटावरून उठले आणि पुढचे बरेच दिवस दोघींशी बोलले नाहीत. आईचं हसणं गेलं. मुलीचं 'भो' गेलं नाही. बाप बोलत नाही, याचं तिला दुःखच होत नसे. उलट ती त्या दिवसांत गाणी म्हणत घरभर फिरे. तिच्याकडून काय काढून घ्यावं, तेच मास्तरांना सापडेना. मोठी झाल्यावर दुसऱ्या गावी नोकरी धरून ती आपणहून गेली, आणि तिथून एका संध्याकाळी तिचा फोन आला, "बाबा, मी लग्न केलं. जहाजावर मेकॅनिक आहे. चांगला आहे."

मास्तरांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. आणि आता त्यांना सापडलं.

घरातल्या अरुंद बोळात एका स्टुलावर फोन होता. तो रोज दिवेलागणीला वाजू लागला.

"उचलायचा नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, एकुलती एक आहे."

"म्हणूनच म्हणतो. उचललास, तर तिला वाटेल काही बिघडलं नाही. कोणी उचललं नाही, तर आपल्या पायाने येईल. माफी मागू नये तिने, मला नको ती. नुसती दारात येऊन उभी राहू दे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राही आणि घंटी थांबेपर्यंत स्टुलाकडे बघे. एका संध्याकाळी मास्तर अंगणात असताना घंटी मध्येच तुटली. ते आत आले, तेव्हा तिच्या कानाला रिसीव्हर होता आणि ती म्हणत होती, "वेळेवर जेवतेस ना गं." मास्तरांनी बोट लांबवून खटका दाबला.

"काय केलंस कळलं का तुला?" ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "रोज मिळत होतं आणि बंद झालं, तर जनावर लवकर सोडून देतं. पण अधूनमधून कधीतरी मिळतं, असं एकदा कळलं ना, की ते हाडं मोडेपर्यंत सोडत नाही. आता मुलीलाच जास्त त्रास. तुझ्यामुळे."

त्या दिवसापासून तिने फोनला हात लावला नाही. घंटी वाजू लागली की ती मागची मोरी घासायला जाई. रोजचा फोन हळूहळू आठवड्यावर गेला, मग महिन्यावर. मास्तर म्हणत, बरोबर चाललंय.

आणि मग तो दिवस आला. सकाळी चहा व्हायच्या आत घंटी वाजली, वाजून थांबली, लगेच पुन्हा वाजली. मग थांबेचना. पिंजऱ्यातली कुत्री तिच्या सुरात सूर लावून रडू लागली.

"अहो, काहीतरी झालंय," बायको म्हणाली.

"काही झालेलं नसतं."

"इतक्या सकाळी ती कधी करत नाही."

"तेच ते. जोर करतेय. मी हे शंभरदा बघितलंय, तू पहिल्यांदा बघतेयस." त्यांनी दोन खुर्च्या बोळात ओढल्या, तिला एकीवर बसवलं, दुसरीवर आपण बसले आणि आपला पंजा तिच्या मनगटावर ठेवला. धरला नाही. नुसता ठेवला. "आजचा दिवस काढ."

घंटी वाजत राहिली. समोरून शिंपी ओरडला, "मास्तर, फोन." बायकोने एकदा उठायचा प्रयत्न केला, म्हणजे तिचं मनगट जरासं हललं, इतकंच. उन्हं कलली तेव्हा घंटी थांबली. नंतर एकदा वाजली, अगदी थोडी, आणि मध्येच तुटली.

"झालं," मास्तर म्हणाले. "सुटली."

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला पुलावर नेलं.

मुलगी दारात येऊन उभी राहील, म्हणून मास्तर वाट बघत होते. आली ती तिची मैत्रीण. नर्स होती, मुलीच्याच खोलीशेजारी राहणारी. खुर्चीच्या कडेवर बसून, आधीच ठरवून आल्यासारखी ती बोलली. मुलीला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात एका पहाटे एकाएकी कळा सुरू झाल्या. नवरा समुद्रात, ही नर्स त्या दिवशी गावी गेलेली. पाठ असलेला नंबर एकच होता. आईला फक्त विचारायचं होतं, हे असं होतं का, काय करू, निजून राहू की चालू. शेवटी घरमालकाने दार फोडून दवाखान्यात नेलं. मूल गेलेलं होतं. ती वाचली. पुन्हा मूल होणार नाही.

"रिसीव्हर तिच्या हातातून काढून घ्यावा लागला," नर्स म्हणाली. "तुम्ही घरी नव्हतात का?"

"घरीच होतो," बायको म्हणाली. "पाणी घेतेस?"

नर्स गेल्यावर मास्तर स्टुलाकडे बघत म्हणाले, "कळणार कसं? घंटी सगळी सारखीच वाजते."

बायको रडेल, ओरडेल, असं त्यांनी धरलं होतं. अंगणात जायला म्हणून ते खुर्चीवर पुढे सरकूनही बसले होते. पण तिने नर्सचा पेला विसळला, दोरीवरचे वाळलेले कपडे काढून आणले आणि घड्या घालत बसली. मास्तरांना हायसं वाटलं. गुरगुर ऐकू आली नाही म्हणून ज्याला हायसं वाटतं त्याने कुत्रं पाळू नये, हे वाक्य त्यांचंच होतं, पण ते त्या वेळी त्यांना आठवलं नाही.

त्यानंतर बायको मुलीला फोन करू लागली. नंबर नर्सने देऊन ठेवला होता. मास्तरांनी हरकत घेतली नाही. दिवेलागणीला ती बोळात उभी राहून आकडे फिरवी आणि रिसीव्हर कानाला लावून थांबे. तिकडे घंटी वाजे, कोणी उचलत नसे. एका दुपारी तिने सतत लावला, बोट दुखेपर्यंत. मास्तर दारातून बघत होते. तिने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, धंद्यातला जाणता माणूस हलवतो तशी. नंतर ती आठवड्याने लावू लागली, मग महिन्याने. मग स्टुलावर रिकामे डबे येऊन बसले.

"बघ, तुझीही सुटली," मास्तर म्हणाले. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. जे दिसलं ते ते बोलले.

अशीच वर्षं गेली. मग एका सकाळी अंगणात एका कुत्रीला बसायला शिकवत असताना त्यांनी शिट्टीसाठी ओठ मुडपले आणि हवा तोंडाच्या एका कोपऱ्यातून नुसतीच सुटली. कुत्रीने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा ओठ मुडपले, आणि पुन्हा. मग उजवा पाय त्यांच्या खालून निघून गेला. ते धुतलेल्या फरशीवर पडून होते, स्वयंपाकघराची खिडकी त्यांना दिसत होती, आणि खिडकीत बायको भाजी चिरत होती. तिने एकदा वर पाहिलं. कामाच्या वेळी अंगणात यायचं नाही. ती पुन्हा चिरू लागली. कुत्र्यांचा गलका ऐकून समोरचा शिंपी घराला वळसा घालून मागे आला आणि भिंतीवरून उडी मारून आत उतरला.

"शिट्टी झाली नाही," तिने डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरला ते कळलं नाही.

मास्तर वाचले, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. तोंडातून एकच आवाज निघे, घशातून येणारा, आणि तो ऐकला की ते स्वतःच दचकत. कुत्री ज्याची त्याने नेली. पुढच्या खोलीत खाट टाकली, आणि डॉक्टरने सुचवल्यावरून उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. डाव्या हाताने वाजवायचा, म्हणजे बाई येतील.

पहिले काही दिवस वाटी वाजली की ती हातातलं टाकून धावत येई. पाणी, कूस, भांडं, जे हवं ते करी. ते मास्तरांच्या लक्षात आलं. एका दुपारी त्यांना काहीच नको होतं, तरी त्यांनी वाटी वाजवली. ती आली, ओल्या हातांनी. "काय हवंय?" त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजवली, आणि ती येऊन खाटेशी उभी राहीपर्यंत थांबले नाहीत. ती उभी राहिली, ते थांबले. तिने चमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून वाटी वाजली की ती येईना.

त्यांनी जोरात वाजवली, घशातून आवाज काढला. आत नळ चालू होता, भांडी वाजत होती, पावलं इकडून तिकडे जात होती. पाऊल कुठेही अडखळलं नाही. हात दुखून त्यांनी चमचा खाली ठेवला. ते पडून राहिले. बऱ्याच वेळाने ती आली, पाणी पाजलं, ओली चादर बदलली, पाठीला पावडर लावली. सगळं नीट, हलक्या हाताने. आणि जाताना म्हणाली, "शाब्बास."

सूर त्यांचाच होता. शेवटचं अक्षर किंचित वर नेलेलं, तेही.

मास्तरांना समजायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, बाई थकली, वैतागली. मास्तरांनी तिची वेळ साधणं पाहिलं. ते गप्प झाल्याबरोबर ती येत नव्हती. दम खायला थांबलेत की खरंच थांबलेत ते बघत होती, मग येत होती. येताना चेहऱ्यावर राग नसे. चिडून एकदाही आली नाही, आणि दया येऊन मध्येच एकदाही आली नाही. इतकं स्वच्छ काम त्यांच्या हाताखालच्या कोणालाही कधी जमलं नव्हतं. ओल्यात पडून असतानाही त्यांना याचं कौतुक वाटलं.

ते शिकले. शिकण्यावाचून इलाज नव्हता. तहान कोणाचं तत्त्व बघत नाही. वाटी आठवडा-आठवडा वाजेनाशी झाली. संध्याकाळी ती त्यांची मान उशीवर उंच करून ठेवी, म्हणजे खिडकीतून रस्ता दिसे. ज्या दिवशी वाटी वाजली असेल त्या दिवशी खिडकी बंद.

शिंपी बघायला आला, तेव्हा डोळ्यात पाणी आणून म्हणाला, "वहिनी, सेवा करावी तर तुम्ही. नाहीतर माझ्या चुलत्याने अशाच दुखण्यात अख्खी गल्ली जागवली होती. इथे आवाज म्हणून नाही."

"शहाणे झालेत," ती म्हणाली.

"मास्तर, ऐकलंत का? वहिनींनी शाळा काढली बघा."

मास्तरांच्या घशातून आवाज निघाला. बायकोने खिडकीकडे नुसतं पाहिलं. आवाज थांबला.

पुढे एका दुपारी, जेवण होऊन ती आत गेल्यावर, मास्तरांच्या छातीत कोणीतरी मूठ आवळली. आधी त्यांना वाटलं, घास अडकला. मग ती मूठ डाव्या खांद्यात शिरली, जबड्यात चढली, आणि कपाळावर एकदम गार घाम आला. त्यांनी चमचा उचलला आणि वाटी वाजवायला सुरुवात केली.

पावलं आली. बोळापर्यंत आली. आणि बोळात खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

मास्तरांनी आणखी जोरात वाजवली. वाटी उशीवरून घसरली, त्यांनी ती कुशीत धरून वाजवली, घशातला आवाज आता त्यांच्या ताब्यात नव्हता. अर्धवट लोटलेल्या दारातून त्यांना खुर्चीचा एक पाय दिसत होता, तिच्या गुडघ्यावर ठेवलेलं तिचं मनगट दिसत होतं, आणि त्या मनगटावर तिचाच दुसरा पंजा. धरलेला नाही. नुसता ठेवलेला.

समोरचं मशीन थांबलं. "वहिनी," शिंप्याने हाक दिली, "मास्तर बोलावतायत का?"

"जोर करतायत," ती आतूनच म्हणाली. "कित्येक दिवस झाले, वाटी वाजली नव्हती. होतं असं. आजचा दिवस काढायचा."

"काही झालं तर नाही ना?"

"काही झालेलं नसतं," ती म्हणाली.

मशीन पुन्हा सुरू झालं.

मास्तरांनी तिच्या आवाजात राग शोधला. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेला माणूस कधी ना कधी धावत येतो. तो नव्हता. तिला खरंच तसं वाटतंय, की तिला सगळं ठाऊक आहे आणि ती तरीही बसली आहे, हे त्यांना ओळखता येईना. इतकी वर्षं त्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं, ते ती काय करते एवढंच.

वाटी सगळी सारखीच वाजते, हे मात्र त्यांना कळलं. पाण्यासाठी वाजवा, नाहीतर याच्यासाठी.

आता एकच उपाय होता, आणि तो त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. गप्प झालं पाहिजे. गप्प झालं तरच ती येईल. त्यांनी चमचा सोडला. घशातून येणारा आवाज दातांमध्ये धरला, चादरीचं टोक तोंडात कोंबलं आणि छातीतली मूठ आवळत असताना ते अजिबात न हलता पडून राहिले, त्यांच्या सगळ्या कुत्र्यांपेक्षा शहाण्यासारखे.

बोळात शांतता होती. समोर मशीन चालू होतं. ते खुर्ची सरकल्याच्या आवाजाची वाट बघत होते.

ती थांबली होती. दम खायला थांबलेत, की खरंच थांबलेत, ते बघत.